काळ्या तंबूतला मुक्काम

नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी सिडनीतल्या कॅसल हिलच्या क्लिनिकमधून रजा घेतली आणि न्यू साउथ वेल्सच्या अगदी पश्चिमेला, जिथे डॉक्टर फार दिवस टिकत नाहीत अशा एका गावात, बदली डॉक्टर म्हणून काही आठवडे काम करायला गेले. पुण्याहून बहिणीने फोनवर मला वेड्यात काढलं. एकटी बाई, एवढं लांब, कशाला? मी म्हटलं, अनुभव म्हणून. खरं कारण वेगळं होतं.

आमच्या भागात मराठी माणसं पुष्कळ, आणि सगळी मायेची. त्या दिवसांत घरी रोज कुणाचा ना कुणाचा डबा यायचा. पण डबा ओट्यावर ठेवता ठेवता जो तो एकच विचारायचा, "तू डॉक्टर ना गं? तुला आधी काहीच जाणवलं नाही?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. माझा नवरा सकाळी फिरायला गेला, घराजवळच्या पार्कातल्या बाकावर बसला आणि तिथेच गेला. ना बीपी, ना शुगर, आदल्या संध्याकाळी बॅडमिंटन खेळून आलेला माणूस. मी प्रत्येकाला सांगायची, नाही, काही लक्षणंच नव्हती. पाहुणे गेले की डबा फ्रिजमध्ये ठेवताना तोच प्रश्न मी स्वतःला विचारायची.

त्या लांबच्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं. काम भरपूर होतं आणि ते झालं की मोटेलच्या खोलीत जाऊन मी गाढ झोपायची. काम संपलं त्या सकाळी मी परतीला निघाले तेव्हा क्लिनिकमधली नर्स म्हणाली, उत्तरेला जोरात पाऊस झालाय, रस्ता बघून जा. मी वर पाहिलं तर आभाळ कोरडं निळं. पाऊस एकीकडे पडतो आणि पाणी दुसऱ्याच दिवशी, दुसरीकडेच येतं, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. मला नव्हतं.

तांबड्या मातीचा कच्चा रस्ता होता. एक क्रीक, म्हणजे ओढा, मी कोरडीच ओलांडली. पुढे गेल्यावर दुसरी लागली, तर रस्त्यावरून चहाच्या रंगाचं पाणी आडवं वाहत होतं. मी गाडी वळवली आणि परत पहिल्या क्रीकपाशी आले, तर तिथेही पाणी यायला लागलं होतं. गाडीचं एक चाक मऊ मातीत रुतायला लागलं म्हणून मी खाली उतरून उभी होते, तेवढ्यात एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली. चालवणारा पन्नाशीचा, सावळा, डोक्यावर रुंद काठाची टोपी. त्याने दोरखंड लावून माझी गाडी बाहेर ओढली. म्हणाला, दोन्हीकडचं पाणी चढलंय, आता काही दिवस कुणी कुठे जात नाही. आमचं घर मधेच आहे, माझ्या मागून या.

बस, एवढंच. मी कोण, कुठली, कुठे निघाले, काही नाही. मला ते जरा विचित्रच वाटलं होतं.

घर पत्र्याच्या छपराचं, तिथल्या इतर घरांसारखंच. मागे बकऱ्यांचे वाडे. आणि वाड्यांच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ, एक लांबलचक काळा तंबू. एक बाजू पूर्ण उघडी, बाकीच्या तिन्ही बाजू जमिनीपर्यंत उतरलेल्या. त्याची बायको बाहेर आली. तिचे आईवडील लेबनॉनचे, पण ती सिडनीतच जन्मलेली, बोलणं अस्सल इथलं. तिने मला खोली दाखवली, टॉवेल दिला आणि म्हणाली, "आधी युम्माला भेटून घेऊ. नाहीतर तिला वाटेल पाहुणा आपल्या हातून निसटला." युम्मा म्हणजे आई. ही तिची सासू.

युम्मा तंबूतच असायची. रात्री घरातल्या खोलीत झोपायची ते केवळ मुलाच्या आग्रहाखातर. वय ऐंशीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नव्हतं. अंगाने लहानखुरी, हनुवटीवर हिरवट गोंदण. मी आत वाकले तशी ती गुडघ्यांवर हात टेकून उठून उभी राहिली. मी नको नको म्हणत होते, पण ती माझ्यासाठी गादी अंथरून, उशी लावून मगच बसली. मग तिने लोखंडी पळीत कॉफीच्या बिया भाजल्या, खलात वेलदोड्याबरोबर कुटल्या आणि छोट्या कपात घोटभर कडू कॉफी दिली. मी डॉक्टर आहे एवढं मीच आपणहून सुनेमार्फत सांगून टाकलं, सवयीने. तिने मान डोलावली आणि कप पुन्हा भरला.

त्या दुपारी पाऊस आमच्यावरही आला. तंबूच्या कापडातून थेंब गळायला लागले तशी मी गादी ओढून बाजूला सरकले. युम्मा हसली आणि जागची हलली नाही. थोड्या वेळाने गळणं आपोआप थांबलं. सुनेने समजावलं: बकरीच्या केसांचं विणलेलं कापड आहे, ओलं झालं की केस फुगतात आणि वीण मिटते. ऊन पडलं की वीण सैल होते आणि वारा आत येतो. त्याचे लांब पट्टे युम्माने इथल्याच बकऱ्यांच्या केसांपासून विणले होते. एखादा पट्टा विरला की तो काढून नवा जोडायचा. तंबू एकदम नवा कधीच होत नाही, आणि पूर्ण जुनाही होत नाही.

रस्ते बंद राहिले. घरात सॅटेलाइटचं वायफाय होतं, त्यावरून मी मुलाला 'सेफ आहे, रोड क्लोज्ड' असा मेसेज केला. तो मेलबर्नला शिकतो, ग्लेन वेव्हर्लीत मित्रांबरोबर राहतो. उत्तरादाखल त्याचा अंगठ्याचा इमोजी आला. त्याचे बाबा गेल्यापासून आमचं बोलणं असंच झालं होतं. जेवलास का, हो. असाइनमेंट झालं का, ऑलमोस्ट.

मला नुसतं बसून राहवेना म्हणून मी युम्माच्या मागे मागे करू लागले. सकाळी ती बकऱ्या पिळायची. दह्याची कातड्याची पिशवी तीन काठ्यांच्या तिवईला टांगून झोका दिल्यासारखी हलवायची, मी दुसरी बाजू धरायची. लोणी वेगळं झालं आणि तिने उरलेलं वाटीत ओतून मला दिलं, तेव्हा माझ्या तोंडून "ताक!" निघालं. तिने तो शब्द म्हणून पाहिला आणि आवडला असावा, कारण पुढे तिने तोच धरला. ताक आटवून, मीठ घालून तिने त्याचे गोळे वळले आणि कापडावर उन्हात मांडले. वाळले की दगडासारखे होतात आणि वर्षभर टिकतात. वाळवंटात दूध फक्त वसंतात भरपूर मिळायचं. उरलेलं वर्ष या गोळ्यांवर काढायचं, ते पाण्यात कालवून.

तिच्या अरबीतले आणि माझ्या मराठीतले काही शब्द जुळतात हे आम्हाला कामातच कळलं. हात धुताना मी साबण म्हटलं, तिनेही साबूनच म्हटलं. हवा म्हटलं तर तिने वाऱ्याकडे हात केला. मग तो आमचा खेळच झाला. एकीने बोट दाखवायचं, दोघींनी आपापला शब्द म्हणायचा, आणि दहांत एखादा जुळला की युम्मा माझ्या मांडीवर थाप मारायची.

सून मोकळी असली की तिच्या तोंडून युम्माच्या गोष्टी कळायच्या. तिचा जन्म जॉर्डनच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातला, तंबूतला. तंबू बायकांचा. विणायचा त्यांनी, उभारायचा त्यांनी, उतरवायचाही त्यांनीच. लांब क्षितिजावर वीज चमकली की कुठल्या दिशेला चमकली हे सगळे लक्षात ठेवत. मग एकजण उंटावरून पुढे जाऊन पाहून येई, गवत उगवलंय का. उगवलं असेल तर बिऱ्हाड हलायचं. कोरड्या नदीच्या पात्रात वाळू कितीही मऊ असली तरी तिथे झोपायचं नाही. भांडी वाळूने घासायची. विहिरीपासून लांब असलं की उंटिणीचं दूध हेच जेवण आणि तेच पाणी. मी विचारलं, कठीण होतं ना सगळं? सुनेने विचारलं आणि हसत उत्तर सांगितलं, "म्हणते, दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं, मग कठीण कशाला म्हणायचं? इथे आल्यावर सुपरमार्केट कठीण गेलं."

इतके दिवस झाले तरी मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, त्याचा अर्थ त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. पण एवढ्या वयाची बाई एकटी या रस्त्यावर कशी, घरी कोण आहे, हे तर कुणीही विचारेल. शेवटी मीच सुनेजवळ तो विषय काढला. ती म्हणाली, त्यांची रीत आहे. पाहुणा आला की तीन दिवस त्याला काही विचारायचं नाही. तो कुणापासून पळून आलेला असेल, शत्रूच्या टोळीतला असेल, कसाही असेल. आधी पाणी, भाकरी, सावली. विचारलंत आणि उत्तर नको ते आलं, तर त्याला उन्हात परत पाठवणार का? "लग्नानंतर एकदा असाच एक माणूस आला होता," ती म्हणाली, "मी युम्माला म्हटलं, निदान नाव तरी विचारू. तर म्हणाली, त्याला भूक लागलीय हे दिसतंय ना?"

मी त्या रात्री जे बरेच दिवस केलं नव्हतं ते केलं. नवऱ्याचा विचार मनात आला तो मी येऊ दिला, आणि त्यात तो पार्कातला बाक नव्हता. आम्ही दोघं पहिल्यांदा या देशात आलो तेव्हा बाहेर पडायचा रस्ता न सापडून त्याने राउंडअबाउटवर गाडी तीनदा गोल फिरवली होती, ते आठवलं.

पाणी ओसरलं. युम्माचा मुलगा एका सकाळी रस्ता पाहून आला आणि म्हणाला, उद्या निघता येईल. दुपारी आम्ही चौघं तंबूत बसलो होतो. युम्मा त्याला काहीतरी म्हणाली. तो हसून माझ्याकडे वळला.

"आई म्हणते, मुदत कधीच संपली. आता तिला विचारायचा हक्क आहे."

मी मनातल्या मनात तयारी केली. तेच ते उत्तर, फक्त इंग्रजीत. युम्मा बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. मुलाचं हसू मावळलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या वडिलांबद्दल विचारतेय," तो म्हणाला. "मी तेव्हा रांगत होतो. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं."

मग त्याने थोडं थोडं करून सांगितलं. उन्हाळा संपत आला होता आणि ते एका विहिरीपाशी उतरले होते. युम्माच्या नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं, आधी बेंबीपाशी. उलट्या झाल्या. मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं. तो पाय पोटाशी घेऊन पडून राहायचा, सरळ करवत नव्हता. त्याच्या काकाने लोखंड तापवून पोटावर डाग दिला, तेव्हा औषध तेच होतं. शहर फार लांब. ट्रकवाला एक असायचा, त्याला बोलावायला उंटावरून माणूस धाडला. आणि मग अचानक दुखणं थांबलं. तो उठून बसला. चेहरा मोकळा झाला. म्हणाला, भूक लागलीय. युम्माने उंटीण पिळली आणि कोमट दुधाचं भांडं त्याच्या हातात दिलं. त्याने सगळं संपवलं. त्यानंतर ताप चढला, पोट लाकडासारखं टणक झालं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक यायच्या आत तो गेला. मयताला जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, आजारी पोटावर दूध कुणी देतं का? एकदाच म्हणाली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

युम्मा माझ्याकडे बघत होती. मुलाने तिचं शेवटचं वाक्य सांगितलं.

"ती विचारते, तू डॉक्टर आहेस. मी दूध द्यायला नको होतं का?"

पन्नासेक वर्षं ही बाई हे बरोबर घेऊन फिरली होती. तंबू उतरवला, चढवला, मुलगा वाढवला, समुद्र ओलांडून इथे आली. मी तिला म्हटलं, कुठे दुखत होतं, तुमच्या पोटावर दाखवा. तिने बोटं नेमकी उजवीकडे, खाली टेकवली. मी आणखी दोनचार गोष्टी विचारल्या. मग मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. पोटात इथे शेपटीसारखी छोटी पिशवी असते. ती सुजली होती. फार सुजली की फुटते, आणि फुटली की ताण जातो, म्हणून दुखणं थांबल्यासारखं वाटतं. पण विष तेव्हाच पोटभर पसरायला लागलेलं असतं. "ते उठून बसले, त्याच्या आधीच ती फुटली होती. दूध नंतरचं. दूध दिलं नसतंत तरी हेच झालं असतं."

मुलाने लगेच भाषांतर केलं नाही.

"नक्की?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, न तपासता आजाराचं नाव शंभर टक्के कुणीच सांगू शकणार नाही. पण दुधाने नाही, हे मी शंभर टक्के सांगते.

त्याने हळूहळू तिला सांगितलं. ती ऐकत होती आणि हात गालिच्यावरून फिरवत होती. मग तिने आणखी एक विचारलं, तू तिथे असतीस तर? माझ्या जिभेवर गोड काहीतरी आलं होतं. पण तिने खरं विचारलं होतं. मी म्हटलं, हॉस्पिटल असतं आणि ऑपरेशन झालं असतं तर वाचले असते. तंबूत मी एकटी असते तर माझ्याच्यानेही काही झालं नसतं. मुलगा अडखळला. मी म्हटलं, सांगा, तसंच सांगा.

त्याने सांगितलं. मग युम्मा एक छोटं वाक्य बोलली. मुलाने ते मला सांगितलं आणि टोपी उचलून बकऱ्यांकडे निघून गेला.

"ती म्हणते, म्हणजे तो उपाशी गेला नाही."

सून सासूजवळ सरकून बसली. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी बोलायला लागले. पार्क, बाक, बॅडमिंटन, डबे, तो प्रश्न. सून सांगत गेली, युम्मा ऐकत गेली. मला आधी काही जाणवलं होतं का, हे तिने विचारलं नाही. माझं बोलून झाल्यावर ती स्वतःचंच पुढचं सांगू लागली. त्याला पुरलं, वर दगड रचले. तिला तिथून हलायचं नव्हतं. पण विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं आणि बकऱ्या ओरडत होत्या. तिने तंबू उतरवला, मूल पाठीशी बांधलं आणि निघाली. पुढच्या वर्षी फिरत फिरत सगळे त्याच विहिरीवर आले तेव्हा ती दगडांकडे पाठ करून बसली. त्याच्या पुढच्या वर्षी तोंड करून बसली, आणि तिथे बसून मुलाला जेवू घातलं.

"मला जायचं नव्हतं," सुनेने तिचं बोलणं सांगितलं, "बकऱ्यांना जायचं होतं."

सकाळी मी निघाले तेव्हा तिघंही यूटपाशी उभे होते. युम्माने माझे दोन्ही हात धरले आणि आम्हा दोघींचे जुळलेले सगळे शब्द एकामागून एक म्हणून दाखवले. मला हसू आलं आणि रडूही आलं. क्रीकवर आता नुसता चिखल होता, मी सांभाळून पार केला.

डांबरी रस्ता लागल्यावर पहिल्या गावात पेट्रोल भरलं, गाडी कडेला लावली आणि मुलाला फोन केला. दुपारची वेळ होती, त्याला वाटलं मी कुठेतरी अडकलेय. मी म्हटलं, तसं नाही. बाबाबद्दल तुला मला काही विचारायचंय का? आई म्हणून नको, डॉक्टर म्हणून विचार.

"व्हाय नाऊ?" तो म्हणाला. मग पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ही कॉल्ड मी दॅट मॉर्निंग. मी झोपलो होतो, उचलला नाही. आई, वॉज ही कॉलिंग फॉर हेल्प?"

एका वर्षात त्याने हे मला सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, त्याचा फोन आला की जेवलास का एवढंच विचारत राहिले होते. मी त्याला सांगितलं, तो फोन घरातून केलेला होता. बाबा दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होता, फोन स्पीकरवर होता, मी चहा गाळत होते. तू उचलला नाहीस तर तो हसला. म्हणाला, पोरगं आडवं पडलंय, आल्यावर उठवतो त्याला. मग गेला. त्याला काहीही होत नव्हतं. बाकावरही, मला डॉक्टर म्हणून वाटतं, त्याला फार काही कळलं नसेल.

"ही लाफ्ड?"

"हसला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो एकेक विचारायला लागला. कुठले बूट घातले होते. चहा प्यायला होता का. पार्कात आधी कोण पोचलं. मला काय वाटलं. ज्याची उत्तरं माहीत होती ती मी दिली, नव्हती तिथे माहीत नाही म्हटलं. त्याचं ट्यूटोरियल होतं, ते त्याने बुडवलं. मोठमोठे ट्रक शेजारून जात होते आणि गाडी हलत होती. पंपावरची बाई एकदा काचेशी येऊन मी बरी आहे ना ते विचारून गेली, "यू राइट, लव्ह?" मी मान हलवली, काच वर केली आणि त्याला म्हटलं, हं, बोल.